किल्लारीची पहाट आणि आपली प्रार्थना

मराठवाड्याचा इतिहास हा एका अर्थाने वाट पाहणाऱ्या माणसांचा इतिहास आहे. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. परंतु निजामाच्या राज्यात राहणाऱ्या लातूर-नांदेडच्या रयतेला त्या दिवसासाठी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबावे लागले. पावसाची वाट पाहणे तर येथे पिढ्यान्‌पिढ्यांचेच. १९७२ च्या दुष्काळात हातात हातोडा घेऊन खडी फोडायला बसलेल्या शेतकऱ्यांच्या आठवणी अजून गावोगावी सांगितल्या जातात. नांदेडजवळून गोदावरी वाहते, लातूरकडे मांजरा आहे, तेरणा आहे. तथापि नदी आहे म्हणून पाणी आहे, असे या भूमीत कधीच गृहीत धरता आले नाही. अशा मुलखातील माणूस देवापुढे हात जोडतो तेव्हा त्याच्या मागण्यात चैनीची एकही वस्तू नसते. तो पाणी मागतो, पीक मागतो, लेकराबाळांचा जीव मागतो.

आणि तरीही कित्येकदा ते मिळत नाही. का मिळत नाही, हा प्रश्न प्रत्येक धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाला आयुष्यात एकदा तरी पडतोच. आजारी मुलासाठी नऊ दिवसांची नोव्हेना केलेल्या आईला तो पडतो. कर्जात बुडालेल्या बापाला पडतो. घरातील चार भिंतींत पडणाऱ्या या प्रश्नाला तीस वर्षांपूर्वी लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर एका पहाटे भयंकर सार्वजनिक रूप मिळाले. त्या पहाटेकडे श्रद्धेच्या दृष्टीने पाहण्याचा हा एक प्रयत्न आहे.

वर्षभर आधीची चाहूल

किल्लारीचा भूकंप अचानक झाला असे आपण म्हणतो, पण ते पूर्णतः खरे नाही. १९९२ च्या ऑगस्ट महिन्यापासून किल्लारी परिसरात जमिनीतून गूढ आवाज येत होते आणि लहान-मोठे धक्के बसत होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात एक धक्का इतका जोराचा होता की, घरांना तडे गेले. भयभीत झालेली माणसे रात्री घराबाहेर झोपू लागली. लोकांनी देवाला साकडे घातले आणि सरकारकडेही गाऱ्हाणे नेले. पुढे धक्के विरळ झाले. दक्षिणेचे पठार हा पृथ्वीच्या पाठीवरील अत्यंत स्थिर भाग, असा शास्त्रज्ञांचाही तेव्हा समज होता. देशाच्या भूकंप-नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात मोडत होता. माणसे हळूहळू पुन्हा घरात झोपू लागली. आपले मागणे ऐकले गेले, असेच पुष्कळांना वाटले असेल.

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणेशविसर्जन झाले आणि दमलीभागली माणसे उशिरा अंथरुणाला पाठ टेकून झोपली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. काही सेकंदांचाच खेळ! किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, पेठसांगवी, राजेगाव अशी एकेक गावे ढिगाऱ्यात गेली. बावन्न गावे जमीनदोस्त झाली. सरकारी नोंदीनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे सोळा हजार जखमी झाली. मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात असावा, असेही अनेकांचे मत आहे. पुढच्या दिवसांत पावसानेही झोड उठवली. ज्या पावसासाठी हा मुलूख वर्षानुवर्षे डोळे लावून बसतो, तो नेमका ढिगारे उपसण्याच्या आणि सामुदायिक चिता पेटविण्याच्या वेळी कोसळत होता!

ढिगाऱ्यांतून एक तान्ही मुलगी काही दिवसांनी जिवंत निघाली. सैनिकांनी तिला हातांवर उचलून बाहेर आणले, तेव्हा साऱ्या देशाच्या डोळ्यांत पाणी आले. पुष्कळांनी त्यात देवाचा हात पाहिला. ते स्वाभाविकच होते. परंतु त्याच क्षणी दुसराही प्रश्न उभा राहतो. ही वाचली, मग शेजारच्या घरातील का वाचली नाही? त्या दुसऱ्या आईची प्रार्थना काय कमी तळमळीची होती? श्रद्धेने या प्रश्नाला बगल देऊ नये. जी श्रद्धा वाचलेल्यांचे आभार मानते, पण मेलेल्यांविषयी गप्प राहते, ती अर्धवट श्रद्धा होय.

शिक्षा म्हणावे काय?

अशा वेळी सर्वांत जुने आणि सर्वांत सोपे उत्तर म्हणजे ही पापाची शिक्षा होय. मोठमोठ्या माणसांना या उत्तराचा मोह पडलेला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला, तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने केलेले हे शासन आहे, असे महात्मा गांधींनी म्हटले होते. गांधीजींचा हेतू शुद्ध होता. तरीही रवींद्रनाथ टागोरांनी त्यांना जाहीरपणे विरोध केला. निसर्गाच्या घडामोडींना नैतिक न्यायनिवाडा मानल्याने लोकांच्या मनातील अविवेक बळावतो, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनी टागोरांचे हे निवेदन आपल्या ‘हरिजन’ पत्रात स्वतःच छापले व त्यासोबत आपले उत्तरही दिले. मतभेदाचा तो एक उमदा नमुना होता. मात्र भूकंपात अस्पृश्यांच्याही झोपड्या पडल्या होत्या, हे विसरता येत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही असेच एक कटू पान आहे. ज्या पोर्तुगीजांची सत्ता वसईवर १७३९ पर्यंत आणि गोव्यावर १९६१ पर्यंत होती, त्यांची राजधानी लिस्बन १ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंपाने उद्ध्वस्त झाली. तो सकल संतांचा सण होता. सकाळची वेळ, चर्चे मिस्सासाठी भरलेली, वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. चर्चचे घुमट भाविकांच्या अंगावर कोसळले, मागोमाग समुद्राची लाट आली आणि उरलेसुरले शहर आगीने खाल्ले. हजारो लोक प्रार्थना करीत असतानाच मेले. गाब्रिएल मालाग्रिडा नावाच्या येशूसंघीय धर्मगुरूने पुस्तिका लिहून हा लोकांच्या पापांचा परिणाम असल्याचे सांगितले आणि लोकांना पश्चात्तापाकडे वळविण्याचा आग्रह धरला. शहर पुन्हा उभारू पाहणाऱ्या पोंबाल या मंत्र्याला ते खपले नाही. पुढे १७६१ मध्ये मालाग्रिडांना क्रूरपणे देहदंड देण्यात आला. दुसरीकडे फ्रेंच लेखक व्होल्तेरने या भूकंपावर कविता लिहून, जगात सारे काही उत्तम चालले आहे असे म्हणणाऱ्या विचारवंतांची खरडपट्टी काढली. एकाने देवाला फाशी देणाऱ्या न्यायाधीशाच्या जागी बसविले, तर दुसऱ्याने देवाच्या व्यवस्थेवरच प्रश्नचिन्ह लावले. ढिगाऱ्याखालच्या माणसाला या दोघांचाही उपयोग नव्हता.

प्रभू येशूपुढे हाच प्रश्न आला होता, हे आपण पुष्कळदा विसरतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात सिलोआमच्या बुरुजाचा उल्लेख आहे. तो कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. ती माणसे यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक पापी होती का, असे प्रभू विचारतो आणि नाही असे स्वतःच ठामपणे उत्तर देतो. पश्चात्तापाची हाक तो देतो खरी, पण ती जिवंत असलेल्या आपल्याला देतो. मेलेल्यांवर तो ठपका ठेवत नाही. किल्लारीतील मृतांविषयी ख्रिस्ती माणसाने काय बोलू नये, हे या एका प्रसंगाने कायमचे ठरवून टाकले आहे.

देवाशी भांडणारे भक्त

मग बोलावे तरी काय? पवित्र शास्त्र येथे एक आश्चर्यकारक मार्ग दाखविते. ते आपल्याला तक्रार करायला शिकविते. तेराव्या स्तोत्राचा कर्ता देवाला कुठवर, कुठवर असे पुन्हा पुन्हा विचारतो. संदेष्टा हबक्कूक तर देव ऐकत नाही, अशी उघड फिर्याद मांडतो. सर्व काही गमावलेला इयोब देवाला जाब विचारतो. त्याचे तीन मित्र मात्र देवाची बाजू घेऊन, तूच काही पाप केले असशील, असे त्याला पटवू पाहतात. शेवटी देव कोणावर रागावतो? जाब विचारणाऱ्या इयोबवर नव्हे, तर त्या तिघा वकिलांवर! अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र त्याहूनही धीट आहे. त्याच्या अखेरीस सांत्वनाचा एक शब्दही येत नाही, ते अंधारातच संपते. तरीही ख्रिस्तसभेने ते वगळलेले नाही. शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत जगभरचे धर्मगुरू आणि व्रतस्थ ते आजही म्हणतात. योगायोगाने ज्या ३० सप्टेंबरला किल्लारी कोसळली, तो दिवस हे पवित्र शास्त्र लॅटिनमध्ये आणण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या संत जेरोमचा सण आहे.

मराठी मनाला ही भाषा परकी नाही. मराठवाड्याच्या मातीनेच परंपरेप्रमाणे नरसी बामणीचे नामदेव आणि गंगाखेडची जनाबाई दिली. दोघेही आपल्या देवाशी हक्काने भांडणारे. सतराव्या शतकातील भीषण दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. ती वेदना त्यांनी लपविली नाही. विठ्ठलापुढे ती रोखठोक मांडली आणि तरी त्याची पायरी सोडली नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ख्रिस्तचरणी येताना तुकोबांचाच पूल उपयोगी पडला, असे ते मानीत. त्यामागचे एक कारण हा जिव्हाळ्याचा कलह असावा, असे मला वाटते. नांदेडला गोदाकाठी १७०८ मध्ये देह ठेवणारे गुरू गोविंदसिंग हेही चारही पुत्र गमावलेले पिता होते. त्यांच्या स्मृतीने पावन झालेल्या त्या तीर्थी लाखो भाविक आजही नतमस्तक होतात, ते काही ऐहिक यशाची कहाणी ऐकायला नव्हे.

या साऱ्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. तक्रार हा अविश्वास नव्हे. अविश्वासी माणूस तक्रार करीत नाही, तो पाठ फिरवतो. ज्याच्याशी आपण भांडतो तो आपले ऐकतो आहे, हे भांडणाऱ्याने मनोमन मानलेलेच असते. दुःखाच्या काळात देवावर भरवसा ठेवणे म्हणजे ओठांवर हसू आणून सर्व ठीक आहे असे म्हणणे नव्हे. अंधारातही बोलणे चालू ठेवणे होय.

गेथशेमाने बागेतील मागणे

ख्रिस्ती श्रद्धेचा कणा मात्र याहून खोल आहे. स्वतः देवपुत्राने मागितलेली एक गोष्ट त्याला मिळाली नाही. गेथशेमाने बागेत त्याने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनविले. शिष्य झोपले होते. प्याला टळला नाही. आणि दुसऱ्या दिवशी क्रुसावरून त्याने बाविसाव्या स्तोत्रातील परित्यक्ताचा आक्रोश केला. आता इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय पाहा. येशूने अश्रू गाळीत आणि मोठ्याने आक्रंदत, त्याला मरणातून सोडवू शकणाऱ्याकडे प्रार्थना केली आणि त्याचे ऐकले गेले, असे तेथे सांगितले आहे. ऐकले गेले? तो तर क्रुसावर मेला! पण पत्रलेखकाला हे ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? तो आपल्याला एवढेच शिकवू पाहतो की, ऐकले जाणे आणि मागितले ते मिळणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पित्याने पुत्राचे ऐकले ते मरण टाळून नव्हे, तर मरणाच्या पलीकडून. आणि त्या उत्तरासाठी तिसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागले.

हे सांगताना जपले पाहिजे. पुनरुत्थानाची आशा हे दुःखावर पांघरूण घालण्याचे वस्त्र नव्हे. २२ एप्रिल २०११ च्या शुभ शुक्रवारी इटालियन दूरचित्रवाणीवर जपानमधील एका सात वर्षांच्या मुलीने पोप सोळावे बेनेडिक्ट यांना विचारले की, भूकंपात माझ्याएवढी मुले मेली, मला एवढी भीती का सोसावी लागते? पोप महाशय थोर ईशज्ञानी होते. त्यांना लांबलचक विवरण करता आले असते. परंतु आपल्यालाही हेच प्रश्न पडतात, आपल्याजवळ उत्तर नाही, मात्र येशूने तुझ्यासारखेच निरपराध दुःख भोगले आणि देव तुझ्या बाजूला आहे, अशा आशयाचे ते बोलले. पीटरच्या आसनावर बसलेल्या पुरुषाने एका मुलीपुढे आपल्याजवळ उत्तर नसल्याचे मान्य करावे, यातच आपल्यासाठी मोठा धडा आहे. कोलकात्याच्या संत मदर तेरेसा यांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की कित्येक वर्षे त्यांच्या प्रार्थनेलाही मौनावाचून काही मिळत नव्हते. त्या पहाटे उठत, गुडघे टेकत आणि मग रस्त्यावरच्या मरणासन्न माणसाकडे जात.

दगड, माती आणि हात

शेवटच्या वाक्यातील तो रस्ता आपल्याला पुन्हा किल्लारीत आणून सोडतो. तेथे माणसे का मेली, याचे एक उत्तर अगदी जमिनीवरचे आहे. त्या भागातील घरे माळवदाची. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, त्यांत अनघड दगड मातीत बसवलेले. वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली ही घरे धक्का बसताच झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली. काही ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. लिस्बनच्या भूकंपानंतर रूसोने व्होल्तेरला लिहिलेल्या पत्रात नेमके याच गोष्टीकडे लक्ष वेधले होते: सहा-सात मजली घरांची दाटी निसर्गाने केलेली नव्हती. पोंबालने तेथे भिंतींच्या आत लाकडी पिंजरा बसवलेली नवी घरे बांधून घेतली.

किल्लारीनंतरही असेच काम झाले. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने राज्य शासनाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. पूर्ण न पडलेल्या, पण खिळखिळ्या झालेल्या गावांत भिंतींचे दोन्ही थर जोडणारे आरपार दगड बसविणे, छपरावरील मातीचा भार हलका करणे, लाकडी सांगाड्याला आधार देणे असे साधे उपाय शिकविण्यात आले. ते घरोघरी पोहोचविण्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेसोबत गावोगावच्या बायकांनी मोठा वाटा उचलला. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. कॅरितास इंडियासारख्या आपल्या संस्थाही या कामात उतरल्या. ज्या मराठवाड्यासाठी १९७७ मध्ये स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, तेथे कॅथोलिकांची संख्या मूठभर. पण दुःखाला पंथ नसतो. २००२ मध्ये भूकंप-नकाशा बदलला व किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गणला जाऊ लागला.

हे सारे मृतांच्या आप्तांच्या प्रार्थनेचे उत्तर होते, असे मी म्हणणार नाही. नवी घरे उठावीत म्हणून देवाने जुनी पाडली, असे म्हणणे ईश्वरनिंदाच होईल. परंतु एवढे नक्की की, ज्यांनी दगड उचलले, पोरक्या मुलांना कुशीत घेतले, ते हात कोणाच्या तरी मागण्याला दिलेले ओ होते.

लातूरला २०१६ मध्ये याची पुन्हा प्रचीती आली. मांजरा धरण आटले. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. अखेर १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. मंदिरांत, मशिदींत, चर्चमध्ये सारे आकाशाकडे पाहून पाऊस मागत होते. पाणी मात्र रुळांवरून आले, कृष्णाकाठच्या माणसांनी आपल्या वाट्यातून दिलेले. त्या काळात लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरेचे पात्र खोल केले आणि पावसाळ्याच्या अखेरीस धरण भरले. तोवर उसाला किती पाणी द्यावे, हा अवघड प्रश्नही लोकांना स्वतःलाच विचारावा लागला होता. आणि हेही विसरून चालणार नाही की, आदल्या, म्हणजे २०१५ या एका वर्षात मराठवाड्यातील अकराशेहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केली. त्यांच्यापर्यंत ना पाऊस वेळेवर पोहोचला, ना शेजारी.

म्हणून प्रिय वाचकहो, आपल्या धर्मग्रामात कोणाच्या घरी असा आघात झाला तर घाईने ही देवाची इच्छा म्हणू नये. इयोबच्या मित्रांनी पहिले सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसून काढले; तेवढेच त्यांचे योग्य वागणे होते. आपणही आधी बसावे. दुखावलेल्याला देवाशी भांडू द्यावे, कारण ती प्रार्थनाच आहे. त्याच्या ओठी शब्द उरले नसतील तर त्याच्या वतीने आपण मिस्सात ते म्हणावेत. आणि आपण जे मागतो त्यातील जेवढे आपल्या हाती आहे, तेवढे करावयास उठावे. पावसासाठी प्रार्थना करणाऱ्याने विहिरीतला गाळही काढावा. अनाथांसाठी प्रार्थना करणाऱ्याच्या घरी एक ताट अधिक वाढलेले असावे.

त्या पहाटे ज्यांची हाक ढिगाऱ्याखालीच विरून गेली, त्यांना आपण पित्याच्या हाती सोपवले आहे. तिसरा दिवस त्याचा आहे. तोवरचे दिवस आपले आहेत.